पहिल्या दाढेचं पाणी

चिंचगव्हाणच्या ग्रामीण रुग्णालयात सकाळपासून रांग लागली होती, पण त्यात आजारी कुणीच नव्हतं. चांगली ठणठणीत माणसं जुनी रेशनकार्डं काखेत धरून नळावर चुळा भरत होती. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन आलेल्यांना शेवंता कुळमेथे दारातूनच परत पाठवत होती.

शेवंता तिथली प्रयोगशाळा-तंत्रज्ञ. वर्षभरापूर्वी तिच्या टेबलावर जलखूण-यंत्र आलं होतं. ज्या खडकातून पाणी झिरपतं त्या खडकाची खूण पाण्यात उतरते, आणि ते पाणी पिणाऱ्या मुलाच्या दातांत ती कायमची बसते. यंत्राचा किरण दातावरची केसभर भुकटी उडवी आणि हा दात बनत असताना माणूस कुठलं पाणी पीत होता, ते पडद्यावरच्या नकाशात उमटे. बेवारस मृतांची ओळख पटावी म्हणून संशोधकांनी ते बनवलं होतं. पण सरकारच्या हातात पडलेली चांगली वस्तू फार दिवस चांगल्या कामाला राहत नाही.

राज्याने कायदा केला, की बालपणी इथलं पाणी प्यायलेला माणूस आमचा, त्याला राज्य नागरिकत्वाचा दाखला देईल. केंद्राने ठणकावलं, की नागरिकत्व देणं हा फक्त आमचा अधिकार, तुमचा दाखला म्हणजे नुसता कागद. खटला सुरू होता. तोवर यंत्रातल्या सगळ्या नोंदी रोज दुपारी चारला दोन्ही सरकारांकडे जाव्यात, असं कोर्टाने ठरवून दिलं होतं. राज्य अक्कलदाढ बघे, कारण ती आठव्या वर्षानंतर बनते. केंद्र बघे जन्म.

सव्वातीनला पुतुल हालदार खुर्चीत बसली. बंगाली निर्वासितांच्या वसाहतीतली, पन्नाशीची, तळ्यात मासे वाढवून विकणारी बाई. नवरा वारलेला, त्याचे कागद कधी नव्हतेच. लेक सुचित्रा नुकतीच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाली होती, आणि लेकीचं नागरिकत्व आईच्या कागदावर अडलं होतं.

"बाई, माही पहिली दाढ पन घ्या," पुतुल म्हणाली.

"मावशी, अक्कलदाढ पुरते. तेवढ्यावर राज्याचा दाखला मिळतो."

"राज्याची मेहेरबानी काहून घेऊ? उद्या दिल्लीवाले म्हनतील, फाडून टाका. मी इथंच जन्मली. वसाहतीच्या तंबूत. मायनं शंभरदा सांगतलं मले."

जन्माच्या वेळचं पाणी पहिल्या दाढेत सापडतं; ते इथलं निघालं तर प्रश्नच मिटणार होता. पुतुलच्या वयाचा, भारतात जन्मलेला माणूस केंद्राच्या कायद्यानेही जन्मतःच नागरिक होता. शेवंताला तिचा ताठा आवडला. नियमाबाहेरचं काम ती सहसा करत नसे, आज केलं.

अक्कलदाढेचा नकाशा आला. वैनगंगेचं खोरं, अगदी चोख. मग पहिल्या दाढेचा आला. खाऱ्या गाळाचं पाणी, सीमेपलीकडच्या नदीमुखाचं. शेवंताने दाढ पुसली, पुन्हा किरण सोडला. नकाशा तोच आला. ही दाढ जन्मापासून तिसऱ्या वर्षापर्यंत बनते. म्हणजे मायने पुतुलला कडेवर घेऊन सीमा ओलांडली होती, आणि लेकीला कुणी परकी म्हणू नये म्हणून जन्मभर एक तंबू रंगवून सांगितला होता.

शेवंताने तहसीलदार गायधनेंना फोन लावला. "सर, एक नोंद चुकून घेतली गेली. पुसता येईल?"

"नाही. आणि आज जास्तीत जास्त दाखले काढा, कोर्टाची स्थगिती कधीही येईल."

"पण त्याच नोंदीवरून केंद्र तिला परकी ठरवेल!"

"एकाच नमुन्यावर नाही ठरवत. केंद्राचं न्यायाधिकरण पंधरा दिवसांत बोलावून दुसरा नमुना घेतं. आपण आपलं काम करा, मॅडम." फोन बंद झाला.

शेवंताने पुतुलला सगळं सांगितलं, काही न लपवता. पुतुलने पडद्यावरच्या नकाशावर बोट ठेवलं.

"माय खोटं बोलली?"

"तुमच्यासाठी बोलली, मावशी."

"सुचित्राची नोकरी?"

हौसेने उडवलेल्या त्या केसभर भुकटीबद्दल शेवंताला स्वतःची भयंकर चीड आली.

घड्याळात चाराला वीस कमी होते. पुतुल उठली आणि शेजारच्या दंतवैद्याच्या खोलीकडे बोट करून म्हणाली, "दुसरा नमुना याच दाढेचा घेतील ना? मंग आत्ताच काढा हे."

"किडलेली नाही ती."

"काढा म्हनतो ना मी."

"मावशी, पहिल्या दाढा चार असतात. चारही त्याच वयात बनतात."

"चारई काढा."

"समोरचे आठ दातही तेव्हाचेच आहेत."

पुतुलने तोंडात बोट घातलं आणि एकेक दात चाचपत गेली. बाराव्याला ती थांबली. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज हलला नाही.

"आन् तेही सारे काढून टाकले बाई, त मंग मी कुठची म्हनतील?"