पारवीला घाट लागला

काल संध्याकाळी घरी आजोबांच्या मापकावर धुराचा आकडा दोन पूर्णांक आठ. आज दुपारी घाटमाथ्यावर चार पूर्णांक सात.

स्कूटर तीच, पेट्रोल तेच, आजोबाही तेच. मग धूर वाढला कसा?

रुंजी तपासणी केंद्राच्या आवारात गोल गोल फिरत होती. काळ्या फरशीवर पाय द्यायचा नाही, असा तिने स्वतःपुरता नियम केला होता. चुकला की पुन्हा पहिल्यापासून.

"अगं, एका जागी बस की जरा!" स्कूटरशेजारी उकिडवे बसलेले आजोबा म्हणाले. "तुला बघून मलाच गरगरतंय."

"चार वाजले, आजोबा. पाचला बंद होतं हे."

रस्त्यावरच्या सगळ्या गाड्या आता विजेवर चालत. जुनी पेट्रोलची गाडी ठेवायची, तर वर्षातून एकदा इथे येऊन तिचा धूर तपासून घ्यावा लागे. संधी तीन. तिन्ही हुकल्या, तर गाडी मागच्या भट्टीत वितळायला जाई.

पारवीच्या दोन हुकल्या होत्या.

पारवी म्हणजे आजोबांची पारव्या रंगाची स्कूटर. बाजूला रुंजीसाठी एका चाकाचा डबा जोडलेला. तिला आज काही झालं, तर उद्याचं काय? उद्या सकाळी आई दापोलीला पोचणार होती. आठ महिने ती चंद्रावरच्या तळावर होती. तिचा निरोप रुंजीने इतक्यांदा ऐकला होता की तो पाठच झाला होता : "मला न्यायला पारवीच आणा हं. विजेच्या गाड्यांच्या काचा उघडत नाहीत. आणि इथे आठ महिने वारा म्हणून नाही गं, रुंजी. मला डोळ्यांत पाणी येईपर्यंत वारा खायचाय."

"नाकाडे, तुझं नाक बिघडलं असेल," रुंजी तपासनीस यंत्रमानवाला म्हणाली.

त्याच्या तोंडावर नाकच नाक होतं. लांब, वळणारं, पारवीच्या धुराच्या नळीत जाणारं. त्याचं खरं नाव त-एकोणीस. नाकाडे हे नाव रुंजीने आल्याआल्याच ठेवलं होतं आणि त्याने ते निमूटपणे घेतलं होतं.

"माझं नाक आज सकाळीच तपासलं आहे," नाकाडे म्हणाला. "धुराचा आकडा साडेतीन टक्क्यांपर्यंत चालतो. आपल्या धुरात कार्बन मोनॉक्साइड (अर्धवट जळलेल्या इंधनातून निघणारा, वास नसलेला विषारी वायू) जास्त आहे. कारण सांगण्याची मला परवानगी नाही."

"अर्धवट का जळतंय पण?"

"तेच तर कोडं आहे," आजोबा पुटपुटले. पहिल्या खेपेनंतर त्यांनी ठिणगी पाडणारा प्लग बदलला होता, हवेची जाळी झटकली होती. आकडा हलला तो केवढा? चार पूर्णांक सहा.

"आणि हा स्क्रू?" रुंजीने बोट दाखवलं. कार्ब्युरेटरवर (इंधन आणि हवा एकत्र करणाऱ्या छोट्या भांड्यावर) एक पितळी स्क्रू होता. त्यावर लाल ठिपका. आईच्या नेलपॉलिशचा.

"त्याला हात लावायचा नाही! तीस वर्षं इंजिनांच्या प्रयोगशाळेत काढलीत मी. काल दोन तास बसून तो लावलाय. म्हणून तर ठिपका दिला, कुणी फिरवू नये म्हणून."

"कुणी म्हणजे मीच ना?"

"दुसरं कोण आहे घरात?"

रुंजी गाल फुगवून डब्यात जाऊन बसली. बसली म्हणजे काय, पाय हलतच होते. भूक लागली की तिला जास्तच चैन पडत नसे. तिने पायाशी ठेवलेलं तळलेल्या गऱ्यांचं पाकीट काढलं आणि थबकली.

सकाळी समुद्राकाठच्या हर्णैहून, घरून निघताना ते पाकीट चपटं होतं. तिनेच ते डब्याच्या कोपऱ्यात कोंबलं होतं. आता ते उशीसारखं टम्म फुगलेलं.

"आजोबा, ह्याच्यात हवा कुणी भरली?"

"कुणी कशाला भरेल? बंद पाकीट आहे ते."

"मग हे फुगलं कसं?"

आजोबांनी वर पाहिलं. पाकिटाकडे. रुंजीकडे. पुन्हा पाकिटाकडे.

"आतली हवा तेवढीच आहे," ते सावकाश म्हणाले, "पण बाहेरून तिला दाबणारी हवा..."

"कमी झाली!" रुंजी डब्यातून उडीच मारून उतरली. "घाट चढताना माझ्या कानात फट्ट झालं होतं, तेव्हाच! आपण किती वर आलोय?"

"समुद्रसपाटीपासून तेराशे मीटर. इथली हवा विरळ असते. हवेच्या एका घोटात घरी जेवढा प्राणवायू मिळतो, त्यातला जवळजवळ आठवा भाग इथे कमी."

"आणि पारवीला हे ठाऊक आहे?"

आजोबांनी कपाळावर हात मारला. हात ग्रीसचा होता, कपाळही काळं झालं.

"नाही गं! कार्ब्युरेटर हवेचे नुसते घोट मोजतो. घोटात प्राणवायू किती, ते त्याला कळत नाही. हवा विरळ झाली म्हणून तो पेट्रोल तेवढं कमी करत नाही. आपण बंबात लाकडं एकदम कोंबली की काय होतं?"

"मी कोंबते तेव्हा? धूर. तुम्ही ओरडता."

"का धूर?"

रुंजीचे पाय पहिल्यांदाच थांबले. "लाकडं खूप, हवा थोडी. सगळी नीट जळत नाहीत. पारवीच्या पोटात पण तसंच! पेट्रोल जास्त, प्राणवायू कमी, म्हणून अर्धवट जळतं. ती बिघडलीच नाहीये, आजोबा! ती अजून हर्णैलाच आहे असं समजतेय."

"ती नाही, मी समजत होतो," आजोबा म्हणाले.

पाचला वीस मिनिटं होती. त्यांनी लाल ठिपक्याकडे जरा वेळ पाहिलं. मग पेचकस रुंजीच्या हातात दिला. "हा स्क्रू हवेचा. बाहेर घेतला की जास्त हवा आत. पाव पाव फेरा. आणि हे बघ, घाई केलीस तर..."

"बंबासारखं होईल. माहितेय."

आजोबांनी पारवी चालू केली. लाल ठिपका तडकला. पाव फेरा. पारवीचा आवाज जड, भरल्या घशाचा. अजून पाव. जरा मोकळा. पुन्हा पाव. आणि इंजिन एकसारखं, हलकं वाजू लागलं.

"तिसरी आणि शेवटची संधी," नाकाडे म्हणाला आणि त्याने नाक नळीत घातलं.

काळी फरशी, पांढरी फरशी. रुंजीचा नियम केव्हाच मोडला होता.

"दोन पूर्णांक नऊ. उत्तीर्ण." मग नाक बाहेर काढत तो म्हणाला, "मला सल्ला द्यायची परवानगी नाही. पण उतरल्यावर काय करायचं, ते आपल्याला कळलं असावं."

"स्क्रू परत आत!" रुंजी ओरडली आणि फुगलेलं पाकीट तिने त्याच्या हातात कोंबलं. "हे तुला. खाऊ नकोस, नुसतं हुंग."

दुसऱ्या दिवशी दापोलीहून हर्णैच्या वाटेवर आई आजोबांच्या मागे बसली होती. डोळे मिटलेले, गालांवरून पाणी मागे ओघळत होतं, आणि ती हसत होती. तिचा एक हात खाली डब्यात, रुंजीच्या हातात होता.

"पारवी चंद्रावर चालेल का गं?" तिने वाऱ्यातून ओरडून विचारलं.

"नाही! स्क्रूला कितीही फेरे दिले तरी नाही. तिथे हवेचा घोटच नाही!" रुंजी ओरडली. "पण मंगळावर थोडी हवा आहे. तिच्यात प्राणवायू अगदी नावाला, म्हणून तो बरोबर न्यायचा. आणि मी असं इंजिन करीन, जे आधी हवा हुंगेल, नाकाडेसारखं, आणि मगच ठरवेल इंधन किती घ्यायचं."

"मग मी तुझ्या त्या इंजिनाच्या गाडीवर बसून येईन," आई म्हणाली.

समुद्र दिसेपर्यंत रुंजीने पाय हलवला नाही.