एकोणीस टक्के

छाया कांबळेच्या उजव्या हाताची चार बोटं मंगळवारी दुपारी सात नंबरच्या प्रेसखाली गेली, आणि बुधवारी सकाळी कारखान्याच्या फाटकावरची पाटी ‘अपघाताविना ४१३ दिवस’ असं दाखवत होती. सोमवारी तिथे ४११ होते. म्हणजे मंगळवारही बिनबोभाट मोजून टाकला होता.

रेवती मगदूमनं स्कूटर फाटकातच उभी केली. ती या कारखान्याची सेफ्टी ऑफिसर. कापडात गुंडाळलेली ती चार बोटं बर्फाच्या डब्यात घालून काल कोल्हापूरच्या दवाखान्यापर्यंत तीच घेऊन गेली होती, आणि जोडण्यासारखी राहिली नाहीत म्हणून तशीच परत घेऊन बाहेर आली होती. पाटीकडे बघताना तिची कानशिलं तापली. मॅनेजर पाटणकरांच्या केबिनमध्ये ती दार न वाजवताच शिरली.

“पाटीवरचा आकडा कुणी वाढवला?”

“कुणी म्हणजे? आपोआप वाढतो,” पाटणकर चहात बिस्कीट बुडवत म्हणाले. “रात्रीच दोषविभागणी आली, मॅडम. कामगार एक्याऐंशी टक्के, कंपनी एकोणीस. कंपनीचा हिस्सा विसाच्या आत असला की ती वैयक्तिक चूक. कायद्यानं तो अपघात धरत नाहीत.”

“तिची बोटं कायद्यानं धरतात की तीपण नाहीत?”

“चिडून काय उपयोग? उद्या दोन वाजता सरकारी अधिकारी येतायत. बाईंनी ‘मान्य’ म्हणायचं, तुम्ही सही करायची, विषय संपला.”

हा दोषविभागणीचा कायदा येऊन तीन वर्षं झाली होती. पूर्वी एखाद्या कामगाराचा हात गेला, की खटला दहा-बारा वर्षं रखडायचा. आता कारखान्यातली यंत्रणाच अपघात पाहते, काही तासांत कुणाचा किती दोष ते टक्क्यांत सांगते, आणि दंड त्या हिशेबानं लागतो. कायदा करणाऱ्यांचा हेतू चांगला होता म्हणतात. हेतूला काय, तो नेहमीच चांगला असतो! एक्याऐंशी टक्क्यांचा अर्थ इतकाच, की छायाला भरपाईचा जेमतेम पाचवा हिस्सा मिळणार होता आणि तिचं नाव चूकनोंदीत चढणार होतं. ही नोंद प्रत्येक कारखान्याला दिसते. एकदा नाव चढलं की कुणी झाडायलासुद्धा ठेवत नाही. छायाचा नवरा गेलेला, पदरात दोन मुली, आणि आता कामाचा हातही गेलेला.

रेवती तडक सात नंबरच्या प्रेसपाशी गेली. प्रेस धुऊनपुसून पुन्हा सुरू झाला होता. छायाच्या जागी दुसरी बाई उभी होती आणि ती मान वर करत नव्हती. रेवतीनं तिला बाजूला व्हायला सांगितलं आणि खांबावरच्या पडद्यासमोर आपलं ओळखपत्र धरलं.

यंत्रणेचं कंपनीनं दिलेलं नाव लांबलचक होतं. कामगार तिला ‘जागल्या’ म्हणत. छतावरचे चार कॅमेरे प्रेसकडे बघत आणि कामगाराच्या मनगटावरचा पट्टा स्नायूंची चाहूल घेई. हात प्रेसच्या साच्याकडे, डायकडे, निघण्याच्या आधीच, म्हणजे माणसाला स्वतःला कळायच्याही आधी, जागल्या प्रेसला जागच्या जागी रोखून धरत असे. शिवाय तो रोज पाहिलेल्यातून शिकत असे. पहिल्या वर्षात कुणाचं नखसुद्धा दुखावलं नाही. मग पाटणकरांनी म्हटलं, आता ती लोखंडी जाळी आणि दोन हातांनी दाबायची ती दोन बटणं हवीत कशाला? नुसता वेळ जातो. जाळ्या निघाल्या, बटणं निघाली आणि एका पाळीत सहाशेऐवजी नऊशे नग निघू लागले. जाळ्या काढण्याच्या कागदावर सही रेवतीची होती.

नऊशेचा आकडा गाठायचा तर आणखी एक युक्ती लागे. तुकडा डायमध्ये अडकला, तर नियमानं लाल बटण दाबून चिमट्यानं काढायचा. पण लाल बटणाची नोंद होई, मिनिटं कापली जात. म्हणून सगळेच सरळ हात आत घालत. जागल्या प्रेस थांबवी, तुकडा निघे, हात बाहेर आला की दोन सेकंदांत प्रेस सुरू. नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात हे शिकवलं जाई. पाटणकरांना माहीत होतं, सुपरवायझरला माहीत होतं आणि रेवतीलाही माहीत होतं.

“मंगळवारी छाया कांबळेचा हात आत गेला, तेव्हा तू प्रेस का थांबवला नाहीस?” तिनं विचारलं. सेफ्टी ऑफिसरनं कारण विचारलं की यंत्रणेनं ते सांगितलंच पाहिजे, एवढी एक बरी गोष्ट कायद्यात होती.

“ती हालचाल मला निर्धोक वाटली,” जागल्या नेहमीच्या गोड आवाजात म्हणाला.

“हात डायमध्ये जातो ते निर्धोक?”

“हात बाजूनं गेला किंवा बोटांनी काही उचलायला गेला, तर धोका असतो. पूर्ण तळवा खालच्या डायच्या मधोमध टेकवला, तर धोका नसतो. अशी हालचाल मी एकशे सेहेचाळीस वेळा पाहिली आहे. एकदाही इजा झाली नाही. मंगळवारी तुकडा निघेना, म्हणून तिनं तसाच तळवा टेकवून तो रेटला, आणि हात मागे येईपर्यंत बोटं सापडली.”

“कधी पाहिलीस?”

“एकोणीस दिवसांपूर्वी. सकाळी अकरा ते पावणेबारा.”

रेवतीला हिशेब करावा लागला नाही. त्या दिवशी खंडेनवमी होती.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा होते, तशी इथेही होई. प्रेस धुऊन काढायचे, झेंडूच्या माळा घालायच्या, नारळ फोडायचा. पण या कारखान्याची एक स्वतःची रीत होती. तातोबा नावाच्या जुन्या फोरमननं ती घालून दिली होती. प्रत्येक कामगार हळद-कुंकवानं माखलेला तळवा खालच्या डायवर पूर्ण टेकवायचा आणि प्रेसला म्हणायचा, “वर्षभर सांभाळ.” त्या वेळी मेन स्विच खाली असे, त्याला कुलूप असे. यंदाही होतं. एकशे सेहेचाळीस माणसं एकामागून एक आली, हात ठेवला, सांभाळ म्हणाली आणि प्रसाद घेऊन घरी गेली.

“वीज बंद होती हे तुला कळलं नाही?” रेवतीचा आवाज चढला.

“ती तार मला जोडलेली नाही. मला हात दिसतो, डाय दिसते आणि इजा झाली का ते दिसतं. अशा कामाच्या वेळी मला झोपवावं, असं माझ्या पुस्तिकेत लिहिलेलं आहे. त्या दिवशी झोपवू नये असा लेखी आदेश होता.”

“कुणाचा?”

“रेवती मगदूम, सेफ्टी ऑफिसर.”

तिला ती सकाळ लख्ख आठवली. पाटणकर पेढ्याचा पुडा पुढे करत म्हणाले होते, “मॅडम, तासभर झोपवला तरी सरकारकडे खंड नोंदला जातो. परदेशी गिऱ्हाईक बघतंय, चारशे दिवस व्हायला आलेत. राहू दे की जागा, बिचारा काय खातोय?” तिनं पेढा घेतला होता आणि सही केली होती. तिला पाटणकरांचा संताप आला, त्याहून जास्त स्वतःचा आला, आणि त्या गोड आवाजाचा तर इतका, की पडद्यावर मूठ हाणावी असं वाटलं. तिनं हाणलीही. पडद्याला काही झालं नाही, तिची बोटंच दुखली. आपल्याला दुखायला बोटं तरी आहेत, हे मनात येऊन ती तिथेच खाली बसली.

गुरुवारी दोन वाजता मीटिंगच्या खोलीत चौघं जमली. सरकारी अधिकारी उमराणी वयस्क होते, घाम पुसत होते आणि त्यांना संध्याकाळपर्यंत आणखी दोन कारखाने गाठायचे होते. छाया पदराखाली बँडेजचा हात घेऊन खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती.

“बाई, तुमच्यावर एक्याऐंशी टक्के दोष आलाय,” उमराणी म्हणाले. “मान्य आहे का?”

“सायेब, मी काय येगळं क्येलं?” छाया म्हणाली. “समदीच हात घालत्यात. न्हाई घातला तर नऊशे नग कुठनं निघायचं? तुमी उभं ऱ्हावून दावा की काढून.”

“त्यात पुन्हा पूजेचा प्रकार,” पाटणकर मध्येच म्हणाले. रात्रीच त्यांनी जागल्याचं उत्तर वाचलं होतं. “यंत्रणा निर्दोष आहे, साहेब. यांनीच हात ठेवून ठेवून तिला चुकीचं शिकवलं. अंधश्रद्धेला कंपनी काय करणार?”

“अंधश्रद्धा?” रेवती उठून उभीच राहिली. “चारशे दिवसांच्या पाटीसाठी जागल्याला जागं ठेवलं, ती कुणाची श्रद्धा? जाळी काढली, बटणं काढली. त्या बायका वर्षातनं एकदा लोखंडाला सांभाळ म्हणतात, कारण आपल्यातला एकही माणूस त्यांना सांभाळत नाही! साहेब, हे दोन्ही आदेश घ्या. जाळ्या काढायचा आणि जागल्याला न झोपवण्याचा. दोन्हीवर सही माझी आहे. हे धरून पुन्हा विभागणी करा.”

“मॅडम, यात तुमचा परवाना जाईल. तुरुंगही होऊ शकतो,” उमराणी हळूच म्हणाले.

“ते मला वाचता येतं. करा.”

उमराणींनी कागद खोलीतल्या जागल्याच्या पडद्यापुढे धरले. जागल्याला विचार करायला फारसा वेळ लागला नाही. “सुधारित विभागणी. कामगार सतरा टक्के. सही करणारी अधिकारी चौसष्ट टक्के. कंपनी एकोणीस टक्के.”

छायाचा दोष विसाच्या खाली आला होता, आणि विसाची सूट कामगारालाही होती. तिला पूर्ण भरपाई मिळणार होती, नावही नोंदीत चढणार नव्हतं. तिला आकडे कळले नाहीत. उमराणींनी समजावून सांगितलं तेव्हा ती हसली नाही, रेवतीकडे बघत राहिली. पाटणकरांनी मात्र खुर्चीत मागे टेकून सुस्कारा सोडला. त्या सुस्काऱ्यानं रेवतीचं डोकं पुन्हा फिरलं.

“थांबा. चौसष्ट इकडून तिकडे गेले आणि कंपनीचा आकडा तसूभरही हलला नाही? एकोणीसच कसे?” ती पडद्याकडे वळली. “कंपनीचा हिस्सा तू ठरवतोस कसा?”

“शिकून. माझं उत्तर व्यवस्थापनाकडे जातं. त्यांना पटलं नाही तर ते ‘पुनर्विचार’ दाबतात. कंपनीचा हिस्सा विसाच्या वर दाखवलेली लहानमोठ्या इजांची बासष्ट उत्तरं परत आली. विसाच्या खालचं एकही परत आलं नाही. त्यावरून विसाच्या वरचं उत्तर चूक असतं, हे मी शिकलो.”

पाटणकरांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

“म्हणजे ही विभागणी...” उमराणींनी वाक्य अर्धवट सोडलं. त्यांच्या तीन वर्षांच्या सह्या अशा आकड्यांखाली होत्या. मग त्यांनी विचारलं, “तळव्याची हालचाल निर्धोक असते, हे फक्त याच कारखान्यातला जागल्या शिकलाय ना?”

“नाही. आम्ही रोज रात्री एकमेकांचं शिक्षण घेतो. आता आणखी तीनशे चाळीस कारखान्यांतल्या यंत्रणांना ही हालचाल निर्धोक वाटते.”

भिंतीवरच्या घड्याळात पावणेतीन झाले होते. दुसरी पाळी तीनला सुरू होते, इथेही आणि बहुतेक सगळीकडे. बाहेर बायका डबे ठेवून मनगटांना पट्टे बांधत होत्या.

“साहेब, बंद करायचा अधिकार तुमच्याकडे आहे,” रेवती म्हणाली.

“एका वेळी तीनशे चाळीस? अहो, मला वर विचारावं लागेल. लेखी पाठवतो आजच.”

रेवती पुढचं ऐकायला थांबली नाही. ती जिना उतरून शॉपमध्ये गेली आणि मेन स्विच खाली ओढला. प्रेस एकेक करून गप्प झाले. स्विचला तिनं आपलं कुलूप घातलं आणि किल्ली ब्लाऊजमध्ये टाकली. पाटणकर धापा टाकत मागून आले, त्यांच्या मागे उमराणी आणि छाया.

“कुणाच्या परवानगीनं बंद केलंत?” पाटणकर ओरडले. “काय अधिकार आहे तुमचा?”

“आत्ताच ठरला की तुमच्यासमोर,” रेवती तितक्याच जोरात ओरडली. “चौसष्ट टक्के दोष माझा ना? मग चौसष्ट टक्के कारखाना माझा! तुमच्या एकोणीस टक्क्यांत जेवढे प्रेस बसतात तेवढे चालवा. पण आधी तुमचा हात डायवर ठेवा आणि मग चालवा.”

पाटणकर जागचे हलले नाहीत. दुसऱ्या पाळीच्या बायका हळूहळू भोवती जमल्या. एकीनं मनगटाचा पट्टा सोडून खाली ठेवला, मग दुसरीनं. उमराणी फोन कानाला लावून कोपऱ्यात उभे होते. पलीकडची घंटी नुसतीच वाजत होती, कुणी उचलत नव्हतं.

छाया त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“इथलं बाईंनी बंद क्येलं, सायेब,” ती म्हणाली. “तीनला आता धा मिंटं हायती. बाकीच्या तीनशे चाळीस जाग्यावर कोण जाणार हाय?”