सावकाश या

भुताच्या गोष्टी लोक रात्री बाराच्या सांगतात. ही दुपारी दोन वाजून दहा मिनिटांची आहे.

लख्ख उजेड होता. आणि ती खरी आहे.

ज्याला पटत नाही त्यानं खुशाल पुढे जावं, मला कोणाची मनधरणी करायची नाही. मी चष्म्याचं दुकान चालवतो. डोळ्यांना दिसतं काय आणि भासतं काय, हे मला तुमच्यापेक्षा चार आणे जास्त कळतं. घडलं ते माझ्या वहिनीच्या बाबतीत. तिनं जसं सांगितलं तसंच सांगतोय, मीठमसाला न लावता.

वहिनी ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स आहे. वीस वर्षं झाली. रक्त बघून चहा पिणारी बाई. भूतबित म्हटलं की ती म्हणायची, "भाऊजी, मेलेली माणसं मी रोज बघते. फार शांत असतात. त्रास जिवंतांचाच."

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. त्याला पन्नाशीच्या तोंडावर खूळ लागलं की एकदा तरी उंच डोंगराच्या बेस कॅम्पपर्यंत चालत जायचं. मी म्हटलं, "आयुष्यभर लोकांना वर पाठवलंस, आता स्वतः निघालास होय?" तो हसला. वहिनीनं मात्र माझ्याकडे डोळे वटारून बघितलं.

दादाबद्दल एक गोष्ट आधीच सांगतो, कारण सगळं तिथेच अडलं. माणूस अति सभ्य. कुठूनही निघताना "येतो" म्हटल्याशिवाय त्याचा पाय उचलत नाही. आपण सगळेच म्हणतो म्हणा, पण हा दात उपटून घेतल्यावर दातांच्या डॉक्टरलासुद्धा तोंडात कापूस धरून "येतो हं" म्हणाला होता. रस्त्यात पोलिसानं अडवून झापलं, तर त्यालाही "बरंय साहेब, येतो."

वहिनी म्हणायची, "ह्यांना एक दिवस कोणीतरी खरंच बोलावेल."

थट्टा होती ती.

चार महिने दोघं पाठीवर पिशवी लटकवून आठ मजल्यांचे जिने चढले-उतरले. हंगामाच्या शेवटी निघाले. सोबत एक गाइड. तिकडचाच, अबोल, पण आपली भाषा बऱ्यापैकी बोलणारा. नऊ दिवस चढण. झाडं संपली, मग गवत संपलं, मग नुसता दगड. वहिनी रोज सकाळ-संध्याकाळ दादाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावायची आणि वहीत रक्तातल्या प्राणवायूचा आकडा लिहायची. खाली अठ्ठ्याण्णव होता, तो वर सतरा हजार फुटांवर चौऱ्याहत्तर झाला. तिथे तेवढाच असतो. दोन पावलं टाकली की सगळेच धापा टाकतात.

दहाव्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास ते बेस कॅम्पवर पोहोचले.

कोणीच नव्हतं.

गिर्यारोहकांच्या तुकड्या केव्हाच उतरून गेल्या होत्या. दगडगोट्यांत तंबूंच्या जागा तेवढ्या उरल्या होत्या, सपाट केलेले चौकोन. वारा नाही. पक्षी नाही. वहिनी म्हणाली, तिला स्वतःच्या कानातलं रक्त ऐकू येत होतं.

फोटो काढून झाले. एका बाजूला दगडांचे ढीग रचलेले होते, छातीइतके उंच. त्यांच्यावर पत्र्याच्या पाट्या. वर गेले आणि खाली आलेच नाहीत, त्यांची नावं. काही पाट्यांवरची अक्षरं बर्फानं पार पुसून टाकली होती.

दादानं टोपी काढली. दोन मिनिटं हात जोडून उभा राहिला. सभ्य माणूस.

मग टोपी घातली, वळला आणि सवयीनं म्हणाला,

"बरंय. येतो."

"अहो!" वहिनीनं त्याच्या दंडावर चापट मारली. "मयताच्या घरूनसुद्धा येतो म्हणून निघत नाहीत. इथे काय म्हणताय?"

दादानं जीभ चावली. "सुटलं गं तोंडातून."

दोघांनाही हसू आलं. आणि तेवढ्यात मागून...

"या."

स्पष्ट. ओट्यावर बसलेला माणूस शेजाऱ्याला म्हणतो, तितक्या साध्या आवाजात.

वहिनीनं गर्रकन मागे बघितलं. दगड. पाट्या. बस्स.

गाइड तर शंभर पावलं पुढे, सॅक पाठीला लावत होता.

"तू ऐकलंस?" दादानं विचारलं.

"विरळ हवेत कान वाजतात," वहिनी म्हणाली. "चला."

तिनं घड्याळ बघितलं. आकडे लिहायची सवय, म्हणून वेळ लक्षात राहिली. दोन वाजून दहा.

उतार लागला. पुढे गाइड, मध्ये दादा, शेवटी वहिनी. अर्ध्या तासात खालून ढग चढून आले आणि दहा हातांपलीकडचं दिसेनासं झालं.

मग वहिनीच्या मागे खडीवर पावलं वाजायला लागली...

खर्र. खर्र. खर्र.

ती थांबली. ती थांबली तरी पावलं थांबली नाहीत. आणखी दोन पडली, निवांत. मग थांबली.

भीती वाटली, पण पावलांची नाही. दुसरा कोणी उतरत असेल, असं तिनं मनाला समजावलं. पण नर्सचा कान तो. पाऊल ऐकू आलं की त्यामागचा श्वास ती आपसूक मोजते. दादाची धाप ऐकू येत होती. गाइडचीही. स्वतःची तर होतीच.

मागच्याला धापच नव्हती.

श्वासच नव्हता.

"अहो, भराभर चला," ती म्हणाली.

दादा मात्र हळू झाला. मान वळवून वळवून मागे बघायला लागला. एका वळणावर तर चक्क थांबला.

"थांब गं जरा. ते बोलावतायत."

"कोण बोलावतंय?"

"अगं, येतो म्हटलंय मी त्यांना. आता नाही गेलो तर बरं दिसतं का?"

आवाज दादाचाच. पाहुण्यांकडे जायच्या वेळचा. वहिनी सांगत होती, तिला खटकलं ते निराळंच. इतकं लांबलचक वाक्य दादा एका दमात बोलला होता. गेले चार दिवस तो दोन शब्दांच्या मध्ये श्वास घेत होता.

दादा वळला आणि चढायला लागला. वर. ज्या चढावर माणूस दहा पावलांना टेकतो, तिथे तो घरचा जिना चढावा तसा निघाला.

"धरा! धरा ह्यांना!" वहिनी ओरडली.

गाइड धावत आला. दोघांनी दोन दंड धरले. दादा दोघांनाही ओढत निघाला, तेही हसतमुखानं. "सोडा हो, लगेच जाऊन येतो."

वहिनीनं कसाबसा त्याच्या बोटाला ऑक्सिमीटर अडकवला.

आकडा आला...

नव्व्याण्णव.

बोट बर्फासारखं गार. नख निळं. आणि आकडा नव्व्याण्णव, घरी सोफ्यावर बसलेल्या माणसाचा.

वीस वर्षं वहिनीनं आकड्यांवर विश्वास ठेवला होता. आज पहिल्यांदाच ठेवला नाही. तिला एकच कळलं. हा माणूस आता हातून सुटला, तर त्याच्या नावाची पाटी लागेल.

गाइड रडायला लागला होता. "बाई, मला नाही आवरत."

मग वहिनीनं ते केलं, जे ती एरवी ऐकून हसली असती. ती ढगाकडे तोंड करून ओरडली, "ते नाही येणार! चुकून बोलले ते! ऐकलंत का? नाही येणार!"

शांतता.

दादा जागच्या जागी थांबला. सगळंच थांबलं. ढगसुद्धा हलेना.

आणि मग, अगदी हातभर अंतरावरून, कसलीही घाई नसलेला तो आवाज...

"मग कोण?"

वहिनीनं विचार केला नाही. विचार करायला वेळ कुठे होता? दादा जागचा हलत नव्हता, तरी त्याच्या दंडावरची तिची बोटं एकेक करून सुटत होती.

"मी येते," ती म्हणाली.

दादाचे गुडघे त्याच क्षणी दुमडले. तो खडीवर कोसळला आणि मासा तडफडावा तसा श्वासासाठी तडफडायला लागला. ऑक्सिमीटरवर अडुसष्ट. वहिनी सांगते, आयुष्यात वाईट आकडा बघून तिला एवढा आनंद कधी झाला नव्हता.

दोघांनी त्याला उचलला. चार पावलं उतरले नसतील, तोच मागून...

"बरं. सावकाश या."

खाली आल्यावर दादाला काहीच आठवत नव्हतं. डोकं दुखत होतं म्हणाला. डॉक्टरांनी सांगितलं, उंचीवर मेंदूला प्राणवायू कमी पडतो, भास होतात. वहिनीला हेच ऐकायचं होतं. तिनं ते कारण घट्ट धरून ठेवलं. गाइडला तेवढं विचारलं होतं, "तुम्ही काय ऐकलंत?" तो म्हणाला, "मला घर आहे, लेकरं आहेत. मी काही ऐकलं नाही."

वर्षभर सगळं ठीक होतं.

मग एके दिवशी दुपारी दादा जेवणावरून उठला. "आलो, आलो!" म्हणत दाराशी गेला. बेल वाजली नव्हती. परत आला तो कपाळाला आठ्या घालून.

"कोण होतं?" वहिनीनं विचारलं.

"कोणीतरी तुझी चौकशी करत होतं. चेहरा नाही दिसला नीट. म्हणाले, घाई नाही, वाट बघतोय."

वहिनीनं घड्याळाकडे बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती.

पुढच्या आठवड्यात पुन्हा. मग एक दिवसाआड. आणि प्रत्येक वेळी दारातून परतल्यावर दादाला धाप लागायची. वहिनीनं ऑक्सिमीटर लावला. ब्याण्णव. नंतर अठ्ठ्याऐंशी. गेल्या महिन्यात, तळमजल्यावरच्या घरात, पंख्याखाली बसलेल्या माणसाचा आकडा चौऱ्याहत्तर. हॉस्पिटलात झाडून सगळ्या तपासण्या केल्या. छाती साफ, हृदय ठणठणीत. मोठे डॉक्टर म्हणाले, यंत्र बदलून बघा. तीन यंत्रं बदलली, आकडा तोच.

हे सगळं मला कळलं ते दोन आठवड्यांपूर्वी. वहिनी दुकानात आली आणि म्हणाली, "भाऊजी, माझ्या नंबरचा काळा गॉगल करून द्या. बर्फात चालेल असा."

मी थट्टेनं विचारलं, "आता कुठली स्वारी?" तर तिनं दुकानाचं दार लोटून घेतलं आणि स्टुलावर बसून सगळं सांगितलं. आवाज एकदाही कापला नाही.

मला राग आला. "वहिनी, तू वेडी झालीस का? डोंगरावर कोणीतरी काहीतरी म्हणालं म्हणून तू जीव द्यायला निघालीस?"

"जीव द्यायला कोण जातंय? जाईन, उभी राहीन, आले म्हणून सांगेन. शब्द पुरा होईल. मग खाली येईन."

"आणि नाही गेलीस तर?"

"मी नर्स आहे, भाऊजी. आकडे कुठे चाललेत ते मला दिसतं. पुढच्या महिन्यात तुमचा दादा नसेल."

"मग एकटी नको. मी ये..."

तिनं झटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. हात थंडगार होता.

"तो शब्द नका उच्चारू," ती म्हणाली. "ह्यांना पण सांगू नका. कळलं तर मागे येतील."

दादाला तिनं सांगितलं, हॉस्पिटलचा कॅम्प आहे. तशी निम्मं खरंच बोलली ती, कॅम्प तर होताच. मी गॉगल करून दिला. काचा चार वेळा पुसल्या, स्क्रू दोनदा आवळले, उगाच वेळ काढला. हात जोडायला हवे होते, पाया पडायला हवं होतं, तिच्या तिकिटाचे तुकडे करायला हवे होते. मी डबी तिच्या हातात दिली. कारण भाऊ माझा होता ना. आज हे लिहितानाही स्वतःची लाज वाटते.

तिनं चढण सुरू केली त्याला आज दहावा दिवस. शेवटचा फोन सहाव्या दिवशी आला. म्हणाली, पाय छान चालतायत, काळजी करू नका. आणि हसून म्हणाली, "गंमत म्हणजे भाऊजी, ह्या वेळी धापच लागत नाहीये."

 मग रेंज गेली.

आज दुपारी मी दादाकडेच होतो. मुद्दाम थांबलो होतो. दोन वाजले. दोन पाच. दोन दहा. मी दाराकडे बघत बसलो.

काहीच झालं नाही.

दादानं पेपर बाजूला ठेवला, आळस दिला आणि भरपूर मोठा श्वास घेतला. किती महिन्यांनी घेतला असेल. मी त्याच्या बोटाला यंत्र लावलं. अठ्ठ्याण्णव.

"आज कसं मोकळं मोकळं वाटतंय रे," तो म्हणाला. "भूकही लागलीये. तुझी वहिनी आली की कुठेतरी फिरायला जाऊ तिघं."

मी हो म्हणालो. त्याला पान वाढलं. तो पोटभर जेवला आणि लहान मुलासारखा गाढ झोपला.

वर रेंज नसते, हे मला माहीत आहे. तरी मी तेव्हापासून वहिनीला फोन लावतोय.