घाटाखालचा बोका

जनावरांच्या दवाखान्यात दोन म्हशी, पाच बकऱ्या... आणि शेजारच्या टोपलीत थेट माझ्या राणी मांजरीचेच निळे डोळे!

मी डोकावले. तेच बदामी डोळे, तीच सडपातळ बांधणी. पण कान, तोंड, पंजे नि शेपूट मात्र फिक्कट, दूध जास्त झालेल्या चहासारखी. माझ्या राणीची कशी काळीकुट्ट! अख्ख्या बुलढाण्यात सयामी मांजर माझ्याकडेच, असा माझा तोरा होता.

"फसवलं तुमाले कोणीतरी," मी टोपलीवाल्याला म्हणाले. "हे अस्सल नाही."

"असं?" तो हसला. "तुमची कुठून आनली?"

"शेगावच्या आशाबाईकडून. दिवाळीत झालेली."

"मंग झालं! आमचा बोकाबी तिथलाच, दिवाळीचाच. सख्खे बहीण-भाऊ हाय हे."

मी पुन्हा टोपलीत डोकावले.

तो वडनेर भोलजी गावचा हरिओम. त्यानेच मग सांगितलं... ही जात मूळची थायलंडची, म्हणजे जुन्या सयामची. पिल्लं जन्मतात पांढरीशुभ्र. पुढे अंगाचा जो भाग थंड राहतो, तोच काळा पडत जातो. "तुमी घाटावरचे, थंडीतले. आमी घाटाखाली, भट्टीत. म्हून आमचा फिका."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तेच मला लागलं आणि तेच आवडलंही.

मग लसीच्या निमित्ताने तो घाट चढून येऊ लागला. लसी दोन होत्या, फेऱ्या सहा झाल्या. आणि नेमकी त्याच दिवशी माझ्या राणीलाही शिंक यायची!

सातव्या वेळी तो दवाखान्यात टोपलीशिवाय आला.

"बोका कुठाय?"

"घरी." तो चपलेकडे पाहत राहिला. "रविवारी नांदुऱ्याले पोरगी पाहाले जाऊन राह्यलो. बाबानं ठरवलं."

घाटाखाली लग्न करून जाणार नाही, असं मी त्यालाच एकदा हसत हसत ऐकवलं होतं. त्याने ते मनावर घेतलं होतं. आता तो विचारणार नव्हता. बोलायचं ते मलाच बोलायला हवं होतं.

"नका जाऊ."

"काऊन?"

"पोरगी पाहायचीच हाय ना... तं आमच्या घरी या. बाबाले मी आजच सांगते."

"आमच्याकडं उन्हाळा लय वाईट राह्यते, निशिगंधा—" पहिल्यांदाच त्याने माझं नाव घेतलं.

"कूलर तं असन ना घरी?"

"नसन तं आजच आनतो!"

आणि साऱ्या बकऱ्यावाल्यांसमोर त्याने माझा हात धरला. मी तो सोडवून घेतला नाही.