उष्टं वारं

"जरा बाजूला होता का? तुम्ही माझा वारा अडवताय."

वाटूरच्या माळावर मार्चच्या उन्हात वारा मोजायचं यंत्र उंच धरून अर्पिता म्हणाली. समोरचा उंचापुरा तरुण हसला. तो हरिओम, तिथल्याच पवनचक्क्यांवर चढून दुरुस्ती करणारा.

"मी सरकतो मॅडम. पण एकमेकींचं वारं अडवून उभ्या या बारा जणी सरकत न्हाईत ना..."

अर्पिताला हसू आलं नाही, कारण टोला वर्मी बसला होता. या पवनचक्क्या किती वीज देतील, याचा अंदाज पुण्यात बसून तिनंच बांधला होता, आणि तो सपशेल आपटला होता. आता येत्या जुलैचा अंदाजही चुकला, तर तिच्या हौसेचं हे काम दुसऱ्याकडे जाणार होतं.

दुसऱ्या दिवशी तो तिला शेतात घेऊन गेला. त्याची आई उषाबाई आणि शेजारच्या चांगुणाबाई तिवईवर उभ्या राहून हरभरा उपणत होत्या, दोघी शेजारी-शेजारी. एकीमागे एक का नाही, असं अर्पितानं सहज विचारलं.

"मागचीला उष्टं वारं भेटतं," हरिओम म्हणाला. "भुसा उडत न्हाई. अन् तिसरी उभी राह्यली, तर तिला दोघींचं उष्टं."

अर्पिता जागीच थबकली. पवनचक्क्यांच्या तिसऱ्या ओळीसाठी तिनं फक्त दुसरीनं थकवलेला वारा धरला होता. पहिलीचा थकवाही त्यावर चढतो, हे मोजायचंच राहिलं होतं!

मग काय, रोज भेटी सुरू झाल्या. तो वर चढून फोनवरून आकडे सांगायचा, ती खाली लिहून घ्यायची.

"वारं आठ... अन् तुमची ओढणी इथून दिसून राह्यली."

"लिहिलं."

"वारं का ओढणी?"

"दोन्ही..."

तिचा नवा, कमी आकडा पाहून ऑफिसातले गालात हसले होते. जुलै संपला. झालेली वीज आणि तिचा अंदाज यांत शंभराला अर्ध्याचाही फरक नव्हता. साहेबांनी स्वतः फोन केला; पुढच्या माळाचंही काम तिलाच दिलं. अर्पिताला आनंदानं नाचावंसं वाटत होतं.

"मंग आता पुण्याला जाणार?" हरिओमनं खाली बघत विचारलं.

"आणखी एक अंदाज बांधलाय," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी मी इथंच असेन... तुमच्या घरात."

तो कानापर्यंत लाल झाला. "तपासून पाह्यला का?"

"न्हाई," ती त्याच्याच बोलीत म्हणाली. "पण हा चुकायचा न्हाई."

"बिलकुल न्हाई," म्हणत हरिओमनं भर माळावर, कामावरच्या सगळ्यांदेखत तिचा हात धरला.