निळ्या कापडावरचा पाय

ओझोनचा वास झेरॉक्स मशीनजवळ येतो तसा असतो. लिंबायतच्या पॉवरलूम कामगारांच्या वस्तीतल्या डॉक्टर अलकाताईंच्या दवाखान्यात तो पसरला सत्त्याण्णव साली, मी बनवलेल्या यंत्रामुळे. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. मोजून पाहिल्याशिवाय मला कशाचीच खात्री पटत नाही. काचेच्या नळीत थंड विजेचा जांभळा उजेड, त्यातून ऑक्सिजन सोडायचा आणि तयार झालेला ओझोन पायाला बांधलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत. जंतू मरतात, जखम भरते. निदान भरावी.

पहिला रोगी सुकदेव, पॉवरलूमवरचा कारागीर. साखरेच्या आजाराने डाव्या तळव्याला बांगडीएवढी खोल जखम झालेली.

"एकवीस दिवसांत पाय बरा करून देतो," मी छातीठोकपणे सांगितलं.

ओझोन नीट पोचतो का ते पाहायला मी पायाखाली त्याच्याच मागावरचं कोरं कापड घालायचो. त्याच्या सुताला खळ, म्हणजे स्टार्च, असतेच. पोटॅशियम आयोडाइडच्या पाण्यात भिजवलं की ओझोन लागताच ते निळं होतं. पाय टेकलेला भाग पांढरा राहायचा, आणि खोलगट जखमेत गॅस साचायचा म्हणून तिथे निळा डाग उठायचा.

बाराव्या दिवशी ताप चढला. पाय कापावा लागेल, अलकाताई म्हणाल्या. सुकदेव ऐकेना. शिर सलामत तर पगडी पचास, असं मीच त्याला समजावलं. माझ्या शब्दावर त्याने संमतीच्या कागदावर अंगठा उठवला आणि मोठ्या इस्पितळात पाय घोट्याच्या वर कापला गेला.

महिन्याभराने तो कुबड्या घेऊन परत आला. सोबत बायको, अनुसया.

"साहेब, यांचा तळवा खाजतो म्हणे. धरेल काम अर्धं सोडानं नही. राहिलेले नऊ दिवस पुरे करा."

ही कापलेल्या पायाच्या नसांची आठवण असते, पुस्तकात दिलेलं आहे. त्याचं मन राखायला मी पिशवी मांडीपर्यंत बांधली, खाली कापड घातलं आणि गॅस सोडला.

कापड निळं झालं. मधोमध पांढरा पाय होता, पाचही बोटांसकट. तळव्यावर निळा डाग.

खळ कुठे कमीजास्त लागली असेल, मी स्वतःला म्हटलं. दुसऱ्या दिवशी नवा तागा आणला, माझ्या हाताने कापला. तोच पाय उमटला. डाग किंचित लहान.

मी पिशवीचं टोक चाचपलं. आत काही नव्हतं. पण ते कोमट होतं.

मला भीती वाटली. कुणाला सांगितलं नाही.

डाग रुपयाएवढा झाला. मग चार आण्याएवढा. मग मसुराएवढा.

एकविसाव्या दिवशी पाय पांढराशुभ्र होता.

सुकदेवने कापड उजेडात धरून उलटसुलट पाहिलं, मागावरून उतरलेला माल तपासतात तसं.

"साहेब, पाय बरा व्हयना ना?"

मी होकारार्थी मान डोलावली. मोजमाप तेच सांगत होतं.

त्याने कापडाची घडी केली आणि माझ्यापुढे ठेवली.

"मग आते दी द्या मना पाय."