चाळीस टक्क्यांचं मिश्रण

निवृत्तीनंतर मी पीएच.डी. करायला घेतली तेव्हा बहीण म्हणाली, "दादा, या वयात डॉक्टर होऊन तू तपासणार कुणाला?" मी प्रवेशाचा फॉर्म भरून टाकला.

काम तसं साधं होतं. ब्युटॅनॉल हे अल्कोहोल टोल्युईन या थिनरसारख्या द्रवात वेगवेगळ्या प्रमाणात मिसळायचं आणि त्या मिश्रणातून ध्वनी किती वेगाने जातो ते मोजायचं. मिश्रणाचं स्टीलचं भांडं अडीच सेंटिमीटर खोल. तळाशी ध्वनी सोडणारा स्फटिक, वर तो परतवणारी चकती. स्क्रू फिरवला की चकती वर सरकते आणि मीटरची सुई झुलते. एक झोका म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम तिसरा हिस्सा. झोके मोजत प्रत्येक झोक्याला स्क्रूवरचा आकडा, म्हणजे रीडिंग, उतरवलं की वेग निघतो.

परीक्षकांचा शेरा एकच होता: चाळीस टक्के ब्युटॅनॉलच्या मिश्रणाचं रीडिंग बाकीच्या मिश्रणांच्या रांगेत बसत नाही, पुन्हा घ्या. सहा वर्षांचा प्रबंध त्या आकड्यावर अडला होता आणि मुदत आज पाचपर्यंत होती.

"घाई करू नका सर," मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या. एकेकाळी माझ्याच वर्गात पहिल्या बाकावर बसायच्या. "आणि शंका आली म्हणून स्क्रू उलटा फिरवू नका. तुम्ही फिरवता."

"नाही फिरवणार, मॅडम."

"मला मॅडम म्हणू नका हो."

"बरं, मॅडम."

त्या तासाला गेल्या. खोलीत रंगाच्या डब्यासारखा वास होता. तापमान बरोबर तीस अंश. ओळीने दहा रीडिंग जुळायला हवी होती, नऊ जुळली. चष्मा पुसायला मी स्क्रूवरचा हात काढला.

सुई झुलतच राहिली.

वायरी पाहिल्या, तापमान राखायला भांड्याभोवती पाणी फिरवणारा पंप बंद केला. फरक नाही. दुसरं काय करावं कळेना, म्हणून मोजू लागलो. शंभर झोके, म्हणजे तीन सेंटिमीटर. भांडं तेवढं खोलच नव्हतं. शिवाय झोके लहान होत चालले होते. पुस्तकात त्याचा अर्थ एकच दिला आहे: ध्वनी परतवणारी वस्तू दूर चालली आहे. चकती तर जागच्या जागी होती.

तीनशे बाराव्या झोक्याला सुई थांबली.

उठून जावंसं वाटलं. पण दहावं रीडिंग घेतल्याशिवाय मी उठणार नव्हतो. मग नेहमीसारखी शंका आली, नववं तरी नीट घेतलं होतं ना? खात्रीसाठी स्क्रू किंचित उलटा फिरवला.

सुई हलली.

या वेळी झोके मोठे होत गेले.

मी तीनशे बारापासून उलटं मोजू लागलो. दोनशे. शंभर. भांडं गार पडलं होतं. वीस.

दारातून मॅडमचा आवाज आला. "सर, एकटेच काय पुटपुटताय? झालं का?"

"एकच रीडिंग राहिलंय."

तीन. दोन. एक.

सुई थांबली. मी स्क्रूवर बोट ठेवलं. फिरवावा लागला नाही. तो माझ्या बोटाखाली आपणहून फिरला, पुढच्या झोक्यापर्यंत नेमका, आणि मी आकडा उतरवून घेईपर्यंत तिथेच थांबला.

आकडा रांगेत बसत होता. मी लिहिला.

मग स्क्रू पुढच्या आकड्यावर गेला.